दस्ता कशाचा?

शिकारीची रायफल घेणाऱ्याचं निम्मं लक्ष कॅलिबरवर असतं, उरलेलं दुर्बिणीवर. दस्ता निवडला जातो तो दिसण्यावरून, नाहीतर वजनावरून. मला या दोन्ही कसोट्या दुय्यम वाटतात. अ‍ॅक्शन (नळीमागची गोळी भरण्या-झाडण्याची यंत्रणा) दर वेळी त्याच जागी, तितक्याच दाबाने धरून ठेवणं हे दस्त्याचं पहिलं काम. ऑरेगन-वॉशिंग्टनच्या पश्चिमेकडच्या ओल्या जंगलांत बेताच्या पैशात ते सर्वांत इमानाने करतो तो लॅमिनेटचा दस्ता, म्हणजे पातळ व्हिनियरचे थर रेझिन घालून दाबाखाली चिकटवलेला.

अक्रोडाशी माझं वैर नाही. हलकं, चिवट, पटाशीला गोड असं दुसरं लाकूड सापडणं कठीण. पण पावसाळ्यात दार चौकटीला का घासतं हे ज्याला ठाऊक आहे, त्याला अक्रोडाची खोडही कळेल. अमेरिकन काळा अक्रोड ओल्याचा पूर्ण कोरडा होताना रुंदीत ७.८ टक्क्यांपर्यंत आकसतो, लांबीत जवळजवळ नाहीच. दस्त्यातली ओल ८ टक्क्यांवरून १४ वर गेली, तर नळीखालचा चार सेंटिमीटर रुंद भाग, म्हणजे फोरएंड, अर्ध्या मिलिमीटरहून थोडा जास्तच फुगतो. सगळीकडे सारखा फुगला तर निभावेल. पण लाकडाच्या रेषा तिरप्या असल्या की तो पिळवटतो आणि नळीला एका अंगाने रेटू लागतो. नळीखालून कागदी नोट सरकवून पाहायची रीत आहे ती यासाठीच. कोरड्या सप्टेंबरात अ‍ॅक्शनपर्यंत सुळकन जाणारी नोट नोव्हेंबरच्या पावसात मध्येच अडते, आणि गोळीची जागाही तेवढ्यात सरकलेली असते. अमेरिकन मरीन सैनिकांना १९६६ पासून मिळालेल्या एम४० रायफलींचे लाकडी दस्ते व्हिएतनामच्या दमट हवेत असेच फुगले-वाकले. पुढच्या एम४०ए१ला मॅकमिलनचा फायबरग्लासचा दस्ता आला.

तेल-वॉर्निश चढवलं की भागतं, असं म्हणणारे खांद्याला टेकणाऱ्या बटाचं रबर पॅड काढून पाहत नाहीत. त्याखाली बहुधा कोरा आडवा छेद असतो, आणि लाकूड सर्वाधिक पाणी पितं ते तिथूनच. शिवाय लेप ओल लांबवतो, थांबवत नाही. दुसरा आक्षेप जिम कॉर्बेटचं नाव घेऊन येतो. चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्यानंतर १९०७ साली त्यांना भेट मिळालेल्या .२७५ रिग्बी रायफलीला अक्रोडाचाच दस्ता होता, आणि कुमाऊंत पाऊस काय कमी पडतो? खरं आहे. पण नरभक्षकावरची गोळी बहुतेक वेळा जवळून झाडलेली असे. शंभर मीटरवर तीन सेंटिमीटरची चूक तीस मीटरवर एक सेंटिमीटरही भरत नाही. तीच चूक तीनशे मीटरवरच्या एल्कच्या बाबतीत नऊ सेंटिमीटर होते.

मग सरळ प्लास्टिकच का नको? प्लास्टिक-प्लास्टिकात फरक आहे. हातांनी थर देऊन घडवलेला फायबरग्लासचा दस्ता लॅमिनेटहून सरस, हे मी बिनतक्रार मानतो. अडतं ते किमतीवर. स्वस्त रायफलींवर येतो तो साच्यात ओतलेला, आतून पोकळ. पाणी त्याला बाधत नाही, पण बायपॉडवर भार दिला किंवा पट्टा ताणला की त्याचा फोरएंड लवून नळीला टेकतो. ओल्या अक्रोडाचा दोष इथे कोरड्या हवेतही हजर. वर फांदी घासली की डब्यासारखा वाजतो.

लॅमिनेट म्हणजे प्लायवूड, गरिबाचा पर्याय, ही कुरकुर जुनी आहे. जर्मनांनी आपल्या माउझर ९८के रायफलींना लॅमिनेटचे दस्ते चढवले त्यामागे अक्रोडाची टंचाई होती, हे कबूल. पण ते दस्ते वाकायचेही कमी, कारण एका थराची ओढ शेजारचे थर खेचून धरतात. वजनाचा आक्षेप मात्र खरा. अक्रोडाहून लॅमिनेट पाव किलोभर जड पडतो, आणि दिवसभर डोंगर चढणाऱ्या खांद्याला तो पाव किलो कळतो. पण त्याच काडतुसाला तीन किलोच्या रायफलीचा धक्का साडेतीन किलोच्या रायफलीपेक्षा ऊर्जेत सहाव्या हिश्शाने जास्त असतो, आणि धक्क्याला बिचकलेला नेमबाज दस्त्याहून मोठी चूक करतो.

साग का नको, हा खास आपल्याकडचा प्रश्न. साग अक्रोडापेक्षा कमी हलतो, पण तेलकट असल्याने बेडिंगचं, म्हणजे दस्त्यात यंत्रणा घट्ट बसवायचं, इपॉक्सी नीट धरत नाही.

वायोमिंगच्या कोरड्या माळावर शिकार करणाऱ्याने खुशाल अक्रोड घ्यावा. फक्त मुठीतून जाणाऱ्या रेषा सरळ आहेत ना पाहावं, नक्षी हवी तर ती बटात असू द्यावी. लॅमिनेट घेणाऱ्याने लांबीसाठी बट कापलाच, तर पॅड बसवण्याआधी त्या छेदाला इपॉक्सीचे दोन हात द्यावेत.