'सेर', 'एस्तार' आणि मराठीतील 'नाही'

स्पॅनिशच्या प्राथमिक व्याकरणांतून 'सेर' आणि 'एस्तार' या दोन 'असणे'वाचक क्रियापदांतील भेद कायमचे आणि तात्पुरते असा सांगितला जातो. हा नियम सोयीचा आहे, खरा नव्हे. मृत्यूइतकी कायमची अवस्था दुसरी कोणती? तरीही मृताविषयी 'एस्ता मुएर्तो' असे 'एस्तार'नेच बोलले जाते. भेद कालावधीचा नसून दृष्टीचा आहे. 'सेर' एखादी गोष्ट काय आहे ते सांगते; 'एस्तार' ती कोणत्या स्थितीत वा स्थळी आढळते ते. 'एस अबुर्रिदो' म्हटलेला माणूस कंटाळवाणा, तर 'एस्ता अबुर्रिदो' म्हटलेला कंटाळलेला. 'एस्तार' लॅटिन 'स्तारे'पासून, म्हणजे संस्कृत 'स्था'च्या गोत्रातले. 'सेर'मध्ये 'अस्' आणि 'सद्' यांची लॅटिन भावंडे एकवटली आहेत. (एक उभे, दुसरे अर्धे बसलेले!)

'आंबा गोड असतो' आणि 'हा आंबा गोड आहे' या मराठी भेदाशी त्याची सांगड घालण्याचा मोह होतो. पण मराठीत 'तो उंच आहे' आणि 'तो आजारी आहे' यांना एकच क्रियापद पुरते. स्पॅनिशमध्ये पहिल्याला 'सेर' लागते, दुसऱ्याला 'एस्तार'.

हा भेद केवळ व्याकरणाचा राहत नाही, याचे भीषण उदाहरण अर्जेंटिनात सापडते. 1976 मध्ये सत्ता बळकावणाऱ्या लष्करी राजवटीचा प्रमुख होर्खे राफाएल विदेला याला 1979 मध्ये पत्रकार परिषदेत बेपत्ता माणसांविषयी विचारण्यात आले. त्याने आधी 'सेर' वापरले: असा माणूस हा 'एक बेपत्ता' आहे. स्थितीचीच जणू जात झाली. मग 'नो एस्ता': तो नाही, मृतही नाही, जिवंतही नाही, 'एस्ता देसापारेसिदो'. 'एस्तार'ला जोडलेले धातुसाधित घडून गेलेल्या क्रियेचा परिणाम तेवढा दाखवते, कर्त्याला वाक्यात जागा मागत नाही. तेच 'सेर'ने, 'फुए देसापारेसिदो' असे म्हटले, की त्याला बेपत्ता करण्यात आले असा अर्थ होतो आणि कोणी केले हा प्रश्न उभा राहतो. हुकूमशहाची व्याकरणावरील पकड चांगली होती, असे म्हणणे भाग आहे.

मराठी अनुवादकाची अडचण येथे सुरू होते. 'नो एस्ता'चा 'तो नाही' हा अनुवाद शब्दशः बरोबर ठरेल. पण 'त्यांचे वडील नाहीत' हे वाक्य मराठी वाचक प्रथम मृत्यूची वार्ता म्हणूनच ऐकतो. घरी नाहीत, हा अर्थ संदर्भाने येतो. 1977 पासून ब्यूनोस आयरीसच्या मायो चौकात फेऱ्या घालणाऱ्या मातांचा प्रश्न मात्र 'दोन्दे एस्तान', ते कुठे आहेत, हा होता. म्हणजे विदेलाने नाकारलेले क्रियापदच त्या परत मागत होत्या. 'तो नाही' असे लिहिले, तर त्यांनी न स्वीकारलेला मृत्यू अनुवादक परस्पर मान्य करून टाकतो. 'तो कुठेच नाही' यात एक जादा शब्द येतो खरा, पण स्थळाचा प्रश्न शिल्लक राहतो.