आधी बूट

साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर मी पडले तेव्हा मोटरसायकल पहिल्या गिअरमध्ये होती. वेग माणूस पळतो तेवढा. डिसेंबर २०२०. पाऊस जाऊन दोन महिने झालेले, त्यामुळे पवनचक्क्यांकडे जाणाऱ्या कच्च्या रस्त्यावरचा मुरूम सुटा झाला होता. खाली कडक जांभा आणि वर बारीक खडे, फरशीवर ज्वारी सांडावी तसे. वळणावर पुढचं चाक सरकलं, सवयीनं डावा पाय खाली गेला आणि दीडशे किलोच्या वरची गाडी त्या पायावर आडवी झाली.

हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला नाही, इंजिन चालू होतं. पण घोटा ज्या बाजूला वळत नाही त्या बाजूला वळला, एवढं कळलं. पाय फूटपेग, म्हणजे पाय ठेवायची दांडी, आणि दगडाच्या मध्ये सापडला होता. मी तो ओढून काढायला बघत होते, तेवढ्यात एका पवनचक्कीवरचा रखवालदार धावत आला. "ताई, हलू नका. आधी गाडी उचलतो," म्हणाला. त्याचं ऐकलं हे बरं केलं.

त्या दिवशी माझ्या अंगावर अकरा हजारांचं जॅकेट होतं. चांगलं हेल्मेट होतं, हातमोजे होते. पायात मात्र ट्रेकिंगचे बूट, घोट्यापर्यंत येणारे, मऊ. साताऱ्यातल्या हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडापुढे धरला. घोट्याच्या बाहेरच्या बाजूचं हाड गेलं होतं. मग खुर्चीवर टाकलेल्या जॅकेटकडे बघून त्यांनी विचारलं, "वर सगळं आहे. पायात काय होतं?"

सहा आठवडे प्लास्टर. त्या सहा आठवड्यांत तो प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही.

मी हायवेच्या पडण्याचा विचार करून कपडे घेतले होते, आणि चालवत होते मुरमावर. डांबरी रस्त्यावर माणूस पडतो तेव्हा घसरत जातो, म्हणून तिथल्या जॅकेटला घासलं तरी न फाटणारं कापड लागतं. कच्च्या वाटेवर पडणं वेगळं. वेग कमी, पण पडणं पुन्हा पुन्हा. दिवसातून तीनदा पडलं तरी कोणी नवल करत नाही. तिथं घासण्यापेक्षा चेंगरणं जास्त, पिळवटणं जास्त. पाय गाडीखाली सापडतो, गुडघा दगडावर आदळतो, पुढच्या गाडीच्या चाकातून उडालेला खडा छातीवर बसतो. माझ्या जॅकेटला त्या दिवशी साधा ओरखडाही आला नव्हता. ते वाईट नव्हतं, त्याचं काम तिथं नव्हतं.

उशीवर पाय ठेवून पडले होते तेव्हाच, जानेवारी २०२१ मध्ये, सौदी अरेबियात डकार रॅली चालू होती. त्या वर्षीपासून मोटरसायकलस्वारांना एअरबॅगचं जाकीट सक्तीचं झालं होतं. ६ जानेवारीला सी. एस. संतोष पडले आणि त्यांना औषधांनी कोमात ठेवावं लागलं. २०१५ मध्ये डकार पूर्ण करणारे ते पहिले भारतीय. ती बातमी मी फोनवर पुन्हा पुन्हा वाचली. त्यांच्या अंगावर सगळं होतं, तरी असं झालं. ते पुढे बरे झाले, पण त्या दिवसांत मला आईशी बोलताना शब्द जपून वापरावे लागले. "हे सगळं घातलं की काही होत नाही" असं मी तिला कधी सांगितलं नाही. सांगितलं ते एवढंच, की जे टळण्यासारखं आहे ते टाळते.

प्लास्टर निघालं आणि मी बुटांच्या मागे लागले.

मोटोक्रॉसचा बूट हातात घेतला की आधी त्याचं वजन जाणवतं. नडगीवर प्लॅस्टिकची पाटी, घोट्याच्या दोन्ही बाजूंना कडक कवच, चार बकलं, आणि गुडघ्याच्या थोडं खालपर्यंत उंची. दुकानात बूट घेतला की मी एक करते: एका हातात टाच, दुसऱ्या हातात चवडा, आणि ओली चादर पिळावी तसा पिळून बघते. हातानं पिळला गेला तर गाडीखालीही पिळला जाणार, आणि आत माझा घोटा असणार. चांगला बूट पुढे-मागे वाकतो, कारण ब्रेक दाबायचा असतो. पण आडवा पिळत नाही. अॅडव्हेंचर टूरिंग म्हणून मिळणारे बूट चालायला सोपे, दिवसभर घालता येतात, आणि त्यातले काही चांगलेही असतात. ज्यांची वाट निम्मी डांबरी आहे त्यांनी ते जरूर घ्यावेत, मात्र पिळून बघून.

माझी खरी अडचण मापाची झाली. हे बूट पुरुषांच्या पायाला धरून बनतात. माझ्या मापाचे पुण्यात चार दुकानांत नव्हते. शेवटी एका मोटोक्रॉस चालवणाऱ्या मुलाचे, त्याला लहान झालेले बूट घेतले, वापरलेले. बूट वापरलेले चालतात. बकल, सोल, शिवण डोळ्यांना दिसते. हेल्मेट मात्र वापरलेलं कधी घेऊ नये. आतलं थर्माकोलसारखं अस्तर आपटताना दबतं, तो दणका स्वतःत घेतं आणि पुन्हा पूर्ववत होत नाही. बाहेरून रंगही उडालेला नसतो आणि आत ते संपलेलं असतं.

बूट घरी आणले आणि पंधरा दिवस रोज तासभर घालून वावरले. भाकऱ्यासुद्धा ते घालून थापल्या. प्लॅस्टिक पायाच्या चालीला सरावतं, बकल कितव्या दातावर लावायचं ते कळतं. गाडीवर बसले तर जाड चवडा गिअरच्या दांडीखाली जाईना. मेकॅनिकनं दांडी काढून एक दात वर बसवली, मग जमलं. हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं, म्हणून इथं सांगते. नाहीतर नवे बूट घालून पहिल्याच चढावर गिअर पडत नाही, माणूस घाबरतो आणि बुटांना दोष देऊन मोकळा होतो.

गुडघ्याचं गार्ड त्यानंतरचं. इथंही मापाचाच घोळ. गार्डची वाटी गुडघ्यावर बसली पाहिजे आणि पडतानाही तिथंच राहिली पाहिजे. उभं राहून आरशात बघितलं तर सगळीच गार्डं बरोबर बसलेली दिसतात. कच्च्या वाटेवर आपण फूटपेगवर उभं राहून, गुडघे किंचित वाकवून चालवतो. ओढ्यात उतरताना बसतो, चढावर पुन्हा उठतो. म्हणून दुकानात दहा उठाबशा काढाव्यात, उकिडवं बसावं, एक गुडघा टेकावा. वाटी नडगीवर उतरली तर ते गार्ड परत द्यावं. माझी पोटरी बारीक, त्यामुळे एका पट्ट्याची गार्डं खाली यायची. गुडघ्याच्या वर आणि खाली दोन-दोन पट्टे असलेलं घेतलं आणि आतून लांब मोजा चढवला, तेव्हा ते हलायचं थांबलं. गार्ड मार अडवतं. पाय पिळवटून आतले अस्थिबंध तुटू नयेत म्हणून बिजागरीचा ब्रेस मिळतो, तो बराच महाग. ज्यांचा गुडघा एकदा दुखावलाय त्यांनी तिथं पैसे वाचवू नयेत.

अंगातल्या आर्मरबद्दल एक गोष्ट मी आता कुणालाही पहिल्यांदा करायला सांगते. जॅकेटच्या पाठीच्या आतल्या कप्प्यात हात घालायचा आणि जे असेल ते बाहेर काढायचं. माझ्या अकरा हजारांच्या जॅकेटमधून काय निघालं? साधा फोम. गादीत असतो तसा, बोटानं दाबला की आरपार दबणारा. खांद्याला आणि कोपराला खरी पॅडं होती, पाठीला नव्हतं. खऱ्या पॅडवर मोटरसायकलस्वाराचं चित्र छापलेलं असतं, सोबत ईएन १६२१ हा युरोपीय मानकाचा आकडा, आणि १ किंवा २ अशी पातळी. तपासताना पाच किलोचं वजन साधारण मीटरभर उंचीवरून पडावं एवढा तडाखा त्याला देतात आणि पलीकडे किती पोचला ते मोजतात. पाठीच्या पॅडमधून पहिल्या पातळीला सरासरी १८ किलोन्यूटनपर्यंत चालतो, दुसरीला ९ पर्यंतच. निम्मा. मणक्याच्या बाबतीत हा फरक मला लहान वाटत नाही. छातीवर घालायचं प्लॅस्टिकचं कवच पुष्कळदा फक्त उडणाऱ्या खड्यांसाठी असतं, त्याचा आकडाही वेगळा, ईएन १४०२१. ते दणक्यासाठीच आहे असं धरून चालू नये.

आता मी जॅकेटऐवजी जाळीचा आर्मर शर्ट घालते आणि वरून सैल जर्सी. कारण उन्हाचं. ताशी पंधराच्या वेगानं वारा लागत नाही, आणि फूटपेगवर उभं राहून अंगमेहनत चालूच असते. मार्चमध्ये ठोसेघरच्या पुढे माझ्या सोबतच्या एकानं जाड जॅकेट उतरवून मागे बांधलं आणि पुढच्याच उतारावर कोपर सोलून घेतलं. उतरवावंसं वाटतं ते जॅकेट कितीही भारी असो, त्या वाटेचं नाही. पाठीवर दोन लिटर पाण्याची पिशवी मी याच सामानात धरते. उन्हानं डोकं जड झालं की हात क्लचवर उशिरा जातो.

हेल्मेटचं लवकर आटोपते. १ जून २०२१ पासून आयएसआय चिन्ह नसलेलं हेल्मेट विकता येत नाही. मी ते चिन्ह आणि ईसीई हे युरोपीय चिन्ह, दोन्ही असलेलं घेतलं. पुढे लांब टोक, हनुवटीकडे जास्त जागा, आणि काचेऐवजी गॉगल. चढावर धापा टाकताना ती जागा श्वासाला लागते. हातमोजे पातळ, क्लच बोटांना कळेल असे. घाणेरीच्या फांद्या बोटांवर सपासप बसतात, पण त्यासाठी हँडललाच हँडगार्ड लावलेले बरे.

गेल्या महिन्यात भाची पुण्याला आली. तिनं जुनी ऑफरोड गाडी घेतली आहे. फोनवर मला तिनं यादी पाठवली होती: जॅकेट, जॅकेटवर शोभेलशी पँट, हेल्मेटवर लावायचा कॅमेरा, आणि शेवटी, पैसे उरले तर, बूट. मी यादी उलटी केली, कॅमेरा काढून टाकला आणि तिला घेऊन दुकानात गेले. तिथं तिला माझा डावा घोटा दाखवला. थंडीत तो अजून सकाळी आखडतो, पहिल्या चार पायऱ्या कठड्याला धरून उतरते.

बुटात तिचा वेळ गेला नाही. पिळून बघायला मी शिकवलं आणि तिनं स्वतःच तीन जोड बाजूला सारले. गार्डं बांधून ती आरशासमोर उभी राहिली, खूश. म्हटलं, उकिडवी बस. दुकानभर लोक होते, ती जरा लाजली. मग बसली, उठली, परत बसली. सातव्यांदा उठताना थांबली आणि खाली बघायला लागली.

"मावशी, डावं सरकतंय."

"किती?"

तिनं वाटीच्या वर बोटं ठेवून मोजलं. "तीन बोटं."

दुकानदाराला मी दुसरं काढायला सांगितलं.