फाटल्यान कोण आयला?

व्हिडिओ गेम हा काही माझा विषय नव्हे. सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळणारा, मराठी घेऊन बी.ए. झालेला चाळिशीतला माणूस मी. मला विचाराल तर करमणूक म्हणजे जत्रेतलं नाटक, तेही उजाडेपर्यंत चालणारं. पण भाच्यापायी दोन रविवार वायरींच्या गुंत्यात काढले आणि बरंच काही कळलं. ते सांगतो.

भाचा सतरा वर्षांचा. त्याला रेटिनायटिस पिगमेंटोसा आहे. आधी रात्रीचं दिसेना, मग बाजूचं. आता नळीतून बघावं तेवढंच समोरचं दिसतं, तेही धूसर. डॉक्टरांनी पुढचं काय ते स्पष्ट सांगितलंय, त्यामुळे घरात त्यावर बोलणं होत नाही. गेम मात्र त्याने सोडले नाहीत. 'द लास्ट ऑफ अस पार्ट टू' हा 2020 सालचा गेम त्याच्याकडे आहे. करणाऱ्यांनी त्यात साठांहून अधिक सोयी ठेवल्या आहेत, अजिबात न दिसणाऱ्यालाही तो खेळता यावा म्हणून. बटण दाबलं की वस्तू किंवा शत्रू जिथे असेल त्या दिशेने खूण म्हणून आवाज येतो. वाट चुकली तर दुसरं बटण तोंड योग्य दिशेला वळवून देतं. खेळ भलताच रक्तबंबाळ आहे, मला पाच मिनिटं बघवत नाही. पण ज्याने कोणी हे सगळं बसून विचारपूर्वक केलं, त्याला माझा नमस्कार.

अडचण टीव्हीची होती. त्याचे दोन स्पीकर डावं-उजवं सांगतात, पुढचं-मागचं नाही. "फाटल्यान कोण आयला तें कळना, मामा," म्हणाला. हेडफोन घाल म्हटलं, तर नको. कान झाकले की घर ऐकू येत नाही. आजी हाक मारते, कुकरची शिटी होते, दार वाजतं. ज्याचा सगळा कारभार कानांवर, त्याने ते एका खेळासाठी गहाण का टाकावेत?

माझ्याकडे कॉम्प्युटरचे जुने 5.1 स्पीकर होते, 2008 सालचे. पाच लहान आणि एक सबवूफर. त्यांना तीन पिना: हिरवी पुढच्या दोघांची, काळी मागच्या दोघांची, नारिंगी मधल्याची आणि सबवूफरची. आणि भाच्याचा प्लेस्टेशन 4 पडला स्लिम. 2013 च्या मूळ प्लेस्टेशन 4 ला आवाजासाठी ऑप्टिकल तोंड होतं, 2016 च्या स्लिमला ते काढून टाकलं. उरलं एकटं एचडीएमआय. एका तोंडातून चित्र आणि आवाज, आणि समोर तीन रंगीत पिना. जमणार कसं?

म्हापशातल्या एका दुकानदाराने स्वस्तातली जोडवायर पुढे केली. "सहाही स्पीकर वाजतील," म्हणाला. वाजले असते, खोटं नाही. पण दोन वाटांचा आवाज सहा ठिकाणी वाटला, एवढंच. सहा जणांनी एकच ओळ म्हटल्यासारखं. मागून कोण आलं हे त्यात कळणार नव्हतंच.

खरा उपाय दोन डब्यांचा. पहिला एचडीएमआय ऑडिओ एक्स्ट्रॅक्टर. तो कन्सोल आणि टीव्ही यांच्या मध्ये बसतो, चित्र टीव्हीकडे पाठवतो आणि आवाज ऑप्टिकल वायरीने बाहेर काढतो. ऑप्टिकलची वाट अरुंद, मुळात दोन वाहिन्यांसाठी आखलेली. सहा वाहिन्यांचा मोकळा आवाज तिच्यात मावत नाही. म्हणून तो डॉल्बी डिजिटलमध्ये दाबून पाठवावा लागतो. आमच्या कचेरीच्या भाषेत, सहा फायली एका लाखबंद पाकिटात. पाकीट फोडून ज्याची फाईल त्याच्या टेबलावर ठेवायला दुसरा डबा, डिकोडर. त्याच्या पाठीला तिन्ही पिनांची तोंडं असतात.

यातली मेख सेटिंगमध्ये. एक्स्ट्रॅक्टरवर छोटं बटण असतं, ते 5.1 वर ठेवावं लागतं, नाहीतर तो कन्सोलला सांगतो की मला दोनच वाहिन्या कळतात. मग कन्सोलच्या ऑडिओ आउटपुटमध्ये 'बिटस्ट्रीम (डॉल्बी)' निवडायचं. 'लिनिअर पीसीएम' राहिलं तर ऑप्टिकलमधून दोनच वाहिन्या येतात, आणि माणूस वायरींना दोष देत बसतो.

स्पीकर कुठे ठेवायचे यालाही शास्त्र आहे. पुढचे दोन मध्यापासून तीस-तीस अंशांवर. मागचे खरं तर पाठीमागे नव्हेतच, कानांच्या रेषेच्या किंचित मागे, साधारण एकशे दहा अंशांवर. मी अंश मोजत होतो, भाच्याने डोळे मिटून सांगितलं, "आमच्या आरतीसारखे लाव." तो चवथीला घुमट वाजवतो. गोव्याने 2019 साली घुमटाला राज्याचं वारसा वाद्य ठरवलं. पूर्वी त्यावर घोरपडीचं कातडं असे, आता कायद्याने बंदी, म्हणून बकरीचं. समोर शामेळ, बाजूला कांसाळे, मागे झील धरणारे. कोण कुठे उभा आहे ते त्याला बघावं लागत नाही. त्याने कानाने सांगितलेली जागा आणि माझा कोनमापक यांत जेमतेम वीतभर फरक निघाला. मी त्याचं ऐकलं.

सबवूफर कुठेही चालतो, खोल आवाजाची दिशा कानाला फारशी कळत नाही. आम्ही तो भिंतीपासून दूर सरकवला, शेजारच्या काकींची झोप लक्षात घेऊन.

पहिल्या संध्याकाळी ताई चहा घेऊन मागून आली, तशी त्याने मान वळवली. "खेळातलं की घरातलं?" मी विचारलं. "घरातलं," म्हणाला, "खेळातल्यांना बांगड्या नसतात."

चवथीला माटोळीसाठी खोली रिकामी करावी लागते, तेव्हा सगळं उतरवलं. परत जोडायला मी गेलो, तोवर झालं होतं. प्रत्येक वायरीला त्याने दोऱ्याच्या गाठी मारल्या आहेत: हिरवीला एक, काळीला दोन, नारिंगीला तीन.