कपाटातले चित्रपुस्तक

आमच्या वेळी वसतिगृहाच्या अभ्यासिकेत एक लोखंडी कपाट होते. त्याची किल्ली गृहपाल सरांच्या खिशात असे. रविवारची बुद्धवंदना आटोपली की तासाभरासाठी ते उघडले जाई. त्यात अमर चित्रकथेचे बाबासाहेबांवरील पुस्तक होते. ते १९७९ साली निघाले, त्याची संहिता एस. एस. रेगे यांची आणि चित्रे दिलीप कदम यांची, हे आम्हांस पुष्कळ उशिरा कळले. कारण आमच्या प्रतीला मुखपृष्ठच उरलेले नव्हते. इतक्या हातांतून गेल्याने पानांच्या कडा कापडासारख्या मऊ पडल्या होत्या.

राक्षस, राजपुत्र आणि अवकाशयाने यांची चित्रपुस्तके आम्ही उशीखाली लपवून वाचत असू. त्याचा पश्चात्ताप आजही नाही. मात्र त्यांतला एकही नायक आमच्या वस्तीतून निघालेला नव्हता.

आमच्या तुकडीत एक अबोल मुलगा होता. सर्वांचे पिऊन झाल्याशिवाय तो माठाजवळ जात नसे. कोणी त्याला अडवलेले नव्हते. गावाकडची सवय तो बरोबर घेऊन आला होता. मसूर स्टेशनावर उतरलेल्या लहानग्या भीमाची हकीकत सरांनी सांगितली, त्या रात्री तो जेवला नाही. १९०१ सालची ती गोष्ट. वडिलांना भेटण्यास निघालेली, नीटनेटक्या कपड्यांतली मुले. जात कळताच बदललेला स्टेशनमास्तर. दुप्पट भाडे घेऊनही गाडीत न बसणारा गाडीवान. जवळ शिदोरी असूनही पाण्यावाचून उपाशी काढलेली रात्र. आम्ही त्याला काही विचारले नाही. विचारावयास हवे होते, असे आता वाटते.

कित्येक वर्षांनी ‘भीमायन’ हे चित्रमय पुस्तक हाती आले. नवयान प्रकाशनाने २०११ साली काढलेल्या या पुस्तकाचे शब्द श्रीविद्या नटराजन व एस. आनंद यांचे आणि चित्रे दुर्गाबाई व सुभाष व्याम या परधान गोंड दांपत्याची आहेत. बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलेल्या आठवणींचा त्याला आधार आहे. पाणी, निवारा, प्रवास असे त्याचे भाग. कथेची सुरुवात मात्र आजच्या शहरात, आरक्षणावरून चाललेल्या वादातून होते. तो वाद आपल्यापैकी कोणाला नवा आहे!

पुस्तक उघडताच प्रथम जाणवले, ते चौकटींचे नसणे. माणसांना चौकोनात कोंडणे या कलावंतांना मानवले नाही. भिंतींवर व अंगणात रेखाटल्या जाणाऱ्या दिग्ण्याच्या वळणदार पट्ट्यांनी त्यांनी पान विभागले आहे. बोलण्याच्या फुग्यांची तर गंमतच आहे. मायेने बोलणाऱ्याचे शब्द पक्ष्याच्या आकारात येतात. विखारी बोलणाऱ्याच्या फुग्याला विंचवाची नांगी असते. अक्षर न वाचताही कोण कसे बोलतो आहे, हे लहान मूल ओळखू शकते. त्या नांगीकडे पाहताना आम्हांस आपापल्या गावची काही वाक्ये जशीच्या तशी ऐकू आली.

चित्रपुस्तकांनी पोरे बिघडतात, असे आमचे पालक म्हणत. त्यांना अमेरिकेतील एक उदाहरण सांगावयास हवे होते. माँटगोमेरीच्या बस-बहिष्कारानंतर, १९५७ साली, फेलोशिप ऑफ रिकन्सिलिएशन या संस्थेने मार्टिन ल्यूथर किंग यांच्यावर सोळा पानांचे, दहा सेंट किमतीचे चित्रपुस्तक काढले. अहिंसक प्रतिकार कसा करावा, हेही त्यात चित्रांतून सांगितले होते. ते वाचणाऱ्या तरुणांत जॉन लुईस होते. पुढे ते अमेरिकी काँग्रेसचे सदस्य झाले आणि म्हातारपणी त्यांनी आपली लढ्याची कहाणी सांगण्यासाठी चित्रपुस्तकाचाच मार्ग धरला. ‘मार्च’चे तीन खंड २०१३ ते २०१६ या काळात आले, तिसऱ्याला राष्ट्रीय ग्रंथ पुरस्कार मिळाला.

माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याला आम्ही ‘भीमायन’ बरोबर नेले होते. तो अबोल मित्रही आला होता. आता तो स्वतः शिक्षक आहे. पाण्याच्या प्रकरणापाशी तो बराच वेळ थांबला. मग म्हणाला, “त्या रात्री तुम्ही माझे ताट झाकून ठेवले होते.” आमच्यापैकी कोणालाच ते आठवत नव्हते.

पुस्तकाच्या दोन प्रती आम्ही शाळेला दिल्या आहेत. आकार मोठा असल्याने त्या खालच्या खणात आडव्या ठेवाव्या लागतात. कपाट तेच आहे. कुलूप आता लावत नाहीत.