आधी नोकरी, मग…

परवा भाचा आला आणि ओट्यावर बसल्या बसल्या म्हणाला, “मामा, आधी एम. बी. ए. करू, की दोन वर्षे नोकरी?”

मॅट्रिकवर थांबलेल्या मास्तराला हा प्रश्न! पण मास्तरकीची खोड जाते थोडीच? मी म्हणालो, “आधी नोकरी. आपल्या वरणगावची केळी बघ. घड कापला की तो थांबत नाही; भाव पडला तरी विकावाच लागतो. हे ज्याने बांधावर उभे राहून पाहिले, त्याला पुस्तकातला बाजार लवकर कळेल.”

तो म्हणाला, अहमदाबादला १९६१ साली निघालेल्या संस्थेत दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला अनुभवाची अट नाही. एका वर्षाच्या अभ्यासक्रमाला मात्र निदान ४ वर्षांची नोकरी लागते. म्हणजे नोकरी करणाऱ्यालाही दार उघडेच.

तेव्हा मला माझे दार आठवले. मॅट्रिक झाल्यावर मीही म्हणालो होतो, “आधी वर्षभर चार पैसे मिळवू, मग कॉलेज.” ते वर्ष अजून संपलेले नाही.

निघताना त्याला म्हटले, “नोकरी कर, पण ती सोडायची तारीख आजच लिहून दे.”

त्याने लिहून दिली. ती चिठ्ठी माझ्या टेबलाच्या खणात आहे.