मालगाडी चालूच होती

एका नातेवाईकाच्या ऑपरेशनसाठी सध्या रामदासपेठेत मुक्काम आहे. रात्री दोन वाजता दवाखान्याच्या गॅलरीत उभं राहिलं की अजनीकडून मालगाडीचा आवाज येतो. तो मला पाठ आहे.

१९९९ साली पत्रकारितेचा डिप्लोमा करत होतो, तेव्हा याच भागात एका बंगल्याच्या मागच्या खोलीत आम्ही चौघं राहायचो. महिनाअखेरीस वरोऱ्याच्या तिकिटाचे पैसे नसायचे. (कधी कधी असायचेही, पण पोट्ट्यांना मस्ती असते.) एका रात्री मी आणि माझा रूम पार्टनर यार्डाच्या टोकाला कोळशाच्या रिकाम्या वाघिणीत चढलो. रिकाम्या गाड्या खाणींकडं परत जातात, एवढीच आमची अक्कल.

वाघिणीच्या भिंती माणसापेक्षा उंच. आत उतरलं की वर फक्त आकाश आणि २५ हजार व्होल्टची तार. तिला हात लागायलाच पाहिजे असं नाही, फार जवळ गेलं तरी माणूस जळतो, हे नंतर कळलं. वरोरा कधी मागं गेलं ते समजलंच नाही. पहाटे गाडी माजरीला थांबली. आम्ही काळेकुट्ट. रेल्वेचा एक माणूस आधी ओरडला, "काऊन बे, मरायचं हाय का?" मग त्यानंच चहा पाजला.

हा किस्सा मी वीस वर्षं रंगवून सांगितला. ८ मे २०२० नंतर नाही सांगितला.

रुळावर विखुरलेल्या चपात्यांचा तो फोटो तुम्हाला आठवत असेल. जालन्याच्या स्टील कारखान्यातले मजूर, मध्य प्रदेशातल्या शहडोल-उमरिया भागातले. गावाकडं जाणारी गाडी मिळेल म्हणून रात्रभर रुळावरून चालले. रस्त्यावर पोलीस अडवत होते, आणि रूळ वाट चुकवत नाही. थकले आणि करमाडजवळ रुळावरच झोपले. पहाटे रिकामी मालगाडी आली. १६ जण गेले.

लोक म्हणाले, रुळावर कोण झोपतं? अहो, २२ मार्चपासून प्रवासी गाड्या बंद होत्या. ज्याला रेल्वे म्हणजे जनरलचा डबा एवढंच माहीत, त्याला रूळ रिकामेच वाटणार ना. पण मालगाडी एक दिवस थांबली नव्हती. धान्य, कोळसा, पेट्रोल सगळं जात होतं. आणि ही बातमी एप्रिलमध्ये मीच लावली होती, कौतुकानं. "रुळावरून चालू नका, मालगाड्या सुरू आहेत", एवढी एक ओळ त्यात टाकायचं मला सुचलं नाही. ज्यानं स्वतः मालगाडीतून प्रवास केलाय, त्याला! माझं पान जालन्याच्या मजुरांपर्यंत पोचलं नसतं, हे मान्य. पण आमच्या रुळांवरूनही माणसं चालतच होती.

पुढच्याच आठवड्यात विषय सर्वोच्च न्यायालयात निघाला. रुळावर झोपणाऱ्यांना कोण कसं थांबवणार, असा सवाल तिथं झाला.

त्या १६ जणांचे मृतदेह औरंगाबादहून जबलपूरला गेले. रेल्वेनं. ती बातमी मी चार ओळींत लावली. पानावर जागा नव्हती.