कामाची वाटणी

समांतर प्रोग्रामिंगची लायब्ररी म्हणजे कामाच्या वाटणीची जबाबदारी घेणारा तयार कोड. 2005च्या आसपास उष्णतेपायी प्रोसेसरचा क्लॉक वेग वाढवत नेणे अशक्य झाले, एका चिपवर अनेक कोअर बसू लागले आणि ही वाटणी साध्या संगणकावरच्या प्रोग्रामलाही चुकेना. हाताने थ्रेड उघडायचे, लॉक लावायचे, शेवटचा थ्रेड संपेपर्यंत थांबायचे, या खटाटोपात मूळ हिशेब दोन ओळींचा आणि व्यवस्थाच पानभर होते.

हा खटाटोप वाचवणारे ओपनएमपी 1997 साली आधी फोरट्रानसाठी आले. काटेकोर पाहिले तर ती लायब्ररीपेक्षा कंपायलरला दिलेली सूचना आहे: लूपच्या वर एक ओळ लिहिली की फेऱ्या कोअरमध्ये वाटल्या जातात. फेऱ्या सारख्या वजनाच्या असल्या तर याहून सोपे काही नाही. नसल्या, आणि वाटणी सरसकट समान केली, तर एक कोअर राबत राहतो आणि बाकीचे रिकामे बसतात.

यावरचा सर्वांत देखणा उपाय एमआयटीतल्या सिल्क या प्रकल्पाने 1990च्या दशकात रुजवला. प्रत्येक थ्रेडची स्वतःची कामांची रांग असते. नवे काम तो एका टोकाला ठेवतो आणि त्याच टोकाने उचलतो. ज्याची रांग संपली तो दुसऱ्याच्या रांगेतून काम चोरतो, पण उलट्या टोकाने. तिथे सर्वांत जुने, म्हणजे बहुधा सर्वांत मोठे काम पडलेले असते. त्यामुळे चोरी क्वचितच करावी लागते आणि मालकाशी टक्करही कमी होते. इंटेलची टीबीबी, जावातील फोर्क-जॉइन, रस्ट भाषेतील रेयॉन या सगळ्यांच्या पोटात हीच युक्ती आहे.

वाटणी सुटली तरी सामायिक चलाचा प्रश्न उरतोच. बेरजेत 10 आहेत. दोन थ्रेड ते एकदम वाचतात, एक 5 मिळवून 15 लिहितो, दुसरा 7 मिळवून 17. हवे होते 22. ओपनएमपीत यासाठी ‘रिडक्शन’ आहे: प्रत्येकाची बेरीज वेगळी, शेवटी एकत्र. दशांश संख्यांची बेरीज मात्र क्रम बदलला की शेवटच्या अंकांत हलू शकते. तो दोष लायब्ररीचा नव्हे.

‘रिडक्शन’ लिहायचे राहिले, तर सी++चा कंपायलर सहसा हूं की चूं करत नाही. सुरक्षित रस्टमध्ये सामायिक चलावर असे एकदम लिहिणारा कोड कंपायलर स्वीकारतच नाही. नव्याने हात घालणाऱ्याने म्हणूनच रेयॉनपासून सुरुवात करावी.